मदत हवी आहे: संभाजीनगरात व्हीआर गेमिंगला कुठं जावं?

दिवाळीत आम्ही ११ भावंडं जालन्याहून संभाजीनगरला व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जगात खेळायचे गेम, खेळायला यायचं म्हणतोय. ६० किलोमीटर येऊन हलत्या खुर्चीत बसवलं अन् पाच मिनिटांत उठवलं, तर पोरं मलाच धारेवर धरतील. मागं एका ठिकाणी तसंच झालं, वर हेडसेटचा फोम आधीच्याच्या घामानं ओला!

मोकळं फिरत, एकमेकांसोबत खेळता येईल असं ठिकाण कुणी पाहिलंय का? एका वेळी किती हेडसेट मिळतात? हेडसेट मेटा कंपनीचा क्वेस्ट २ आहे की क्वेस्ट ३? ताईसाठी विचारतेय, क्वेस्ट २ मध्ये भिंगांमधलं अंतर तीनच टप्प्यांत बदलतं, ते तिच्या डोळ्यांना जुळत नाही, मग तिला धूसर दिसून गरगरतं. धाकटा ९ वर्षांचा, आणि मेटाची अट किमान १० वर्षांची. त्याला तिथं दुसरं काही खेळायला असतं का? पैसे माणशी घेतात की मिनिटांवर?