पोस्टरकारांनी काढलेली रेकॉर्ड संगीत म्हणून मोजावी का?

रंगरेषा
मायकेल इंग्लिश आणि नायजेल वेमाउथ ही लंडनची जोडी १९६७ मध्ये 'हॅपशॅश अँड द कलर्ड कोट' या नावाने 'यूएफओ' या लंडनमधल्या संगीत-क्लबची पोस्टरे करत होती. त्याच वर्षी त्याच नावाने त्यांनी एक रेकॉर्डही काढली. पोस्टरांमागे जे कष्ट दिसतात, त्यांचा अंशही या रेकॉर्डमध्ये नाही, असे माझे मत आहे. सिल्कस्क्रीनच्या, म्हणजे जाळीतून शाई उतरवायच्या छपाईत एकाच जाळीवर दोन-तीन शाया शेजारी घालून एका ओढीत त्यांचा इंद्रधनुषी मिलाफ कागदावर उतरवणे, सोनेरी-चंदेरी शाई नेमक्या जागी बसवणे आणि मुखा आणि बिअर्डस्ली या जुन्या चित्रकारांची वळणदार रेषा पचवून अक्षरे चित्रात विरघळवणे, हे हात बसल्याशिवाय साधत नाही. रेकॉर्डवर मात्र एक ठेका धरून जप आणि आरोळ्या चालू राहतात. प्रत्यक्ष वाद्ये वाजवली ती 'आर्ट' या बँडने, ज्यातून पुढे 'स्पूकी टूथ' हा बँड उभा राहिला. मग या दोघांचे त्यात काय?

दुसरी बाजू
तुमचे छपाईविषयीचे विवेचन मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. त्या पोस्टरांवरचा मजकूर पहिल्या नजरेत वाचता येत नाही, आणि तो तसा वाचता येऊ नये हीच त्यांची रीत होती; पाहणाऱ्याने कागदासमोर रेंगाळावे, एवढीच अपेक्षा. रेकॉर्डची अख्खी दुसरी बाजू म्हणजे एकच लांबलचक रचना आहे, तिच्याकडूनही धून आणि कडव्यांची अपेक्षा धरली तर हाती काही लागणार नाही. निर्माता गाय स्टीव्हन्स याने प्रशिक्षित वादक आणि वाद्याला कधी हात न लावलेली माणसे एकाच खोलीत आणली, हा निर्णय मला चित्रकाराच्या स्वभावाला धरूनच वाटतो. म्युनिकच्या एका कम्यूनमधून, म्हणजे एकत्र राहणाऱ्या गटातून, निघालेल्या 'आमोन ड्यूल' या बँडचा १९६९चा पहिला अल्बम ऐका. तोच एकसुरी ठेका, तीच गर्दी. थेट उसनवारी झाली असा माझा दावा नाही, पण नात्याची खूण लपत नाही.

चौथा थर
या वादात 'द फूल'ला विसरू नये. सिमोन पोस्टुमा आणि मारेके कोगर या डच चित्रकारांच्या गटाने बीटल्सच्या बेकर स्ट्रीटवरील अ‍ॅपल बुटीकची भिंत रंगवली आणि एरिक क्लॅप्टनची गिटारही. १९६८ मध्ये ग्रॅहम नॅशसारखा कसलेला निर्माता लाभूनही त्यांचा अल्बम मला सजावटीपलीकडे जाताना दिसत नाही. तेव्हा चित्रकाराचा स्वभाव पुरेसा असतो, हे 'दुसरी बाजू' यांचे म्हणणे तिथे लागू पडत नाही. हॅपशॅशच्या बाबतीत निदान प्रसंग खरा होता. पहिल्याच गाण्याच्या शीर्षकात जॉन 'हॉपी' हॉपकिन्सच्या तुरुंगवासाचा निषेध दडलेला आहे, आणि हा हॉपी यूएफओचा सहसंस्थापक, म्हणजे पोस्टरांचे काम देणाऱ्यांपैकीच एक. ('आऊम' नावाच्या गाण्याबद्दल मी गप्प राहतो, ओंकाराची ती लंडनी फॅशन आपल्या कानांना जरा जडच जाते.)

रंगरेषा
निषेधाचा हेतू चांगला असला म्हणून गाणे चांगले ठरत नाही. आणि वाद्याला हात न लावलेल्या माणसांचे जे कौतुक झाले, तेच छपाईच्या बाबतीत कोणी करेल का? रंगांची जुळणी चुकलेला, शाई फासटलेला कागद इंग्लिश आणि वेमाउथ यांनी स्वतः भिंतीवर लावू दिला नसता. आपल्या कलेत काटेकोर राहायचे आणि दुसऱ्याच्या कलेत उत्साहावर भागवायचे, याला मी प्रयोग म्हणत नाही. इंग्लिश पुढे एअरब्रश घेऊन हुबेहूब चित्रणाकडे वळले, ते त्यांच्या हाताला शोभणारेच होते.

दुसरी बाजू
मग १९६९चा दुसरा अल्बम घ्या. त्यात इंग्लिश नव्हते. वेमाउथ यांच्यासोबत संगीतकार माइक बॅट होते, 'ग्राउंडहॉग्ज' या बँडचे टोनी मॅकफी होते, म्हणजे तुम्ही मागता ती तयारी सगळी होती. गाणीही रीतसर गाण्यांसारखी झाली. आज त्या अल्बमसाठी कोणी भांडताना मला दिसत नाही. आपण दोघेही इतका वेळ पहिल्यावरच बोलत आहोत.