नायगारा सहल: बस पुलापलीकडे कॅनडात न्यायची की अलीकडे अमेरिकेतच ठेवायची? शुक्रवारपर्यंत कळवा

प्रेषक: सहल समिती

मंडळी, नमस्कार.

बसवाल्याला शुक्रवारी संध्याकाळी पक्का मार्ग सांगायचा आहे. ५४ जागा भरल्या. काल रात्री सगळ्यांचे फॉर्म एकत्र लावले तेव्हा कळलं की १३ जणांकडे कॅनडाचा व्हिसा नाही. नऊ जण मुलांकडे आलेले आईवडील, बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर. चार एच-वनवाले, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरचे. आता पासपोर्ट पाठवून व्हिसा हातात येईपर्यंत सहल होऊन जाईल.

वहिनींनी सुचवलेलं पलीकडचं हॉटेल अजून रद्द केलेलं नाही. ते ठेवलं तर या तेरा जणांचं काय करायचं ते सांगा. नुसतं 'कॅनडाची बाजू छान आहे' असं लिहू नका, ते सगळ्यांना माहीत आहे.

---

प्रेषक: २०१९ च्या सहलीचा प्रमुख

बस पलीकडे नेऊ नका. माझ्या वेळी नेली होती, ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय. एका विद्यार्थ्याच्या कागदावर सही राहिली होती आणि त्याच्यासाठी अख्खी बस तीन तास पुलावर. लहान मुलं रडकुंडीला आली, बोटीची तिकिटं वाया गेली, आणि तो मुलगा पुढे दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही. त्याचा त्यात काही दोष नव्हता.

अजून एक. फॉर्ममध्ये बऱ्याच जणांनी फक्त 'ग्रीन कार्ड आहे' असं लिहिलंय. व्हिसा लागत नाही हे बरोबर, पण एप्रिल २०२२ पासून ग्रीन कार्डासोबत आपला चालू पासपोर्टही दाखवावा लागतो. किती जणांचे पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेत ते आधी विचारा. आणि आपल्या सहलीतला ऑक्टोबरातला कोलंबस डेचा सोमवार म्हणजे कॅनडात थँक्सगिव्हिंगचा सोमवार. दोन्हीकडच्या गाड्या त्याच पुलांवर येणार.

---

प्रेषक: हॉटेलवाल्या वहिनी

२०१९ चा अनुभव दर वेळी काढला तर मंडळाची बस कधीच कुठे जाणार नाही.

मला माझं म्हणणं मांडू द्या. धबधबा वाहतो अमेरिकेकडून, पण त्याचं तोंड कॅनडाकडे आहे. पलीकडच्या रस्त्यावर उभं राहिलं की डावीकडे अमेरिकन फॉल्स, त्याला चिकटून ब्रायडल व्हेल, उजवीकडे नालेच्या आकाराचा हॉर्सशू, सगळं एका नजरेत. माझ्या सासऱ्यांना मी २०१६ साली तिथे नेलं होतं. ते आयुष्यभर रेल्वेत होते, दूधसागर त्यांनी गाडीतून कितीदा पाहिलेला. म्हणाले, दूधसागर मान वर करून बघावा लागतो, हा मान फिरवून बघावा लागतो. तासभर कठड्यापाशी उभे होते, खाली बसायला तयार नव्हते. पुढच्या वर्षी ते गेले. म्हणून मी त्या हॉटेलचा आग्रह धरते. खिडकीतून दिसतं. ज्यांना चालवत नाही त्यांना तेवढं तरी मिळावं.

---

प्रेषक: बफेलोचे काका

वहिनी, सासऱ्यांचं वाक्य अगदी नेमकं आहे. दूधसागर ३१० मीटर, हॉर्सशू जेमतेम ५७. इथे मोठेपण आहे ते रुंदीचं आणि पाण्याचं.

पण अमेरिकेच्या बाजूला काही नाही असं समजू नका. मी तिथे बारा वर्षं राहिलो, येणारा प्रत्येक पाहुणा मीच नेला. पाणी जवळून भेटतं ते अलीकडे. दोन धबधब्यांमधल्या गोट आयलंड बेटाच्या टोकाला टेरापिन पॉइंट आहे, तिथे हॉर्सशूचं पाणी हिरवं काचेसारखं कडेवरून वळताना तुमच्या हातभर अंतरावर असतं. केव्ह ऑफ द विंड्सला लिफ्टने खाली उतरून लाकडी पायऱ्यांनी ब्रायडल व्हेलच्या पायथ्याशी जाता येतं. वरच्या फळ्यांवरून धार वीसेक फुटांवर. त्या फळ्या बर्फाच्या आधी काढतात आणि वसंतात नव्याने बांधतात, ऑक्टोबरात अजून असतात. गुडघेदुखीवाल्यांनी मात्र वरपर्यंत जाऊ नये.

समोरून बघायचंच असेल तर प्रॉस्पेक्ट पॉइंटचा मनोरा आहे. दरीवर पुढे आलेला सज्जा, तिथून अमेरिकन फॉल्स जवळ आणि हॉर्सशू त्याच्या मागे. बोटही तिथूनच खालून सुटते. निळे रेनकोट अमेरिकेच्या बोटीचे, लाल कॅनडाच्या. दोन्ही बोटी जातात हॉर्सशूच्या त्याच कुशीत, भिजवतातही सारख्याच.

---

प्रेषक: एडिसनहून

रात्री पाणी बंद करतात असं ऐकलंय. मग रात्रीची रोषणाई कशी बघायची? आमच्याकडे आजोबा दोन दिवस हेच विचारताहेत.

---

प्रेषक: बफेलोचे काका

बंद नाही, कमी करतात. नदीचं बरंचसं पाणी दोन्ही देश वर अडवून बोगद्यांतून वीज केंद्रांकडे वळवतात. धबधब्यासाठी किती सोडायचं ते १९५० च्या करारात ठरलंय. पर्यटनाच्या दिवसांत दिवसा सेकंदाला निदान एक लाख घनफूट, एरवी पन्नास हजार. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर सकाळी आठ ते रात्री दहा, त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत रात्री आठलाच वेळ संपते. म्हणजे आपल्याला पूर्ण पाणी आठपर्यंत. अंधार साडेसहा-सातला पडतो. रोषणाई आधी बघा, जेवण नंतर ठेवा. समितीने वेळापत्रकात जेवण सात वाजता घातलंय, ते बदला.

आजोबांना हेही सांगा की १९६९ साली अमेरिकन फॉल्स खरोखर कोरडा केला होता. नदीत बांध घालून सगळं पाणी हॉर्सशूकडे वळवलं, खडक किती ठिसूळ झालाय ते तपासलं आणि नोव्हेंबरात पाणी परत सोडलं.

---

प्रेषक: खजिनदार

हॉटेल या शनिवारपर्यंत रद्द केलं तर पैसे परत. नंतर एका रात्रीचे जातील. एवढंच.

---

प्रेषक: एच-वनवाल्या चौघांपैकी एक

आमचं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा, संपलंय पण आय-९४, म्हणजे इथे राहायच्या परवानगीची नोंद, चालू आहे. तीस दिवसांच्या आत कॅनडातून परत आलं तर जुन्या स्टॅम्पवर चालतं, हे मला माहीत आहे. पण ते परत येण्याचं झालं. कॅनडात शिरायला कॅनडाचा व्हिसा लागतोच. काल मला तिघांनी फोन करून 'काही होत नाही, चल' म्हणून सांगितलं. कृपया असं सांगू नका. आम्ही चौघं अलीकडेच थांबू, आमच्यामुळे मार्ग बदलू नका.

---

प्रेषक: पार्सिपनीची ताई

मी सहसा इथे लिहीत नाही. त्या नऊ जणांत माझी आई आहे.

बस पलीकडे गेली तर आई काय म्हणेल ते मला आत्ताच माहीत आहे. 'तुम्ही बघून या, मी बसते इथे.' आमच्या गावच्या जत्रेत पाळण्यात बसायचं असो नाहीतर माझ्या पदवीदानाला दोनच पास असोत, ती हेच म्हणत आली. आणि आम्ही बघून आलो. ती सत्तरीत पहिल्यांदा विमानात बसली. तिच्यावर पुन्हा तेच म्हणायची वेळ आणू नका. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी जरूर पलीकडे जावं, पण बस आणि रात्रीचा मुक्काम आई आहे त्या बाजूला असू द्या. आणि एच-वनवाल्या भावाने 'आमच्यामुळे बदलू नका' असं लिहिलंय, तेही मला तसंच वाटलं.

---

प्रेषक: हॉटेलवाल्या वहिनी

ताई, हॉटेल मी आज दुपारी रद्द केलं. खजिनदारांना पावती पाठवलीय.

मी माझ्या सासऱ्यांचा विचार करत होते, तुमच्या आईंचा माझ्या डोक्यात आला नाही. अलीकडे प्रॉस्पेक्ट पॉइंटपासून चालत जाता येईल असं हॉटेल आज रात्री शोधते. पण एक मागणी आहे. रविवारी दुपारी तीन तास मोकळे ठेवा. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांना मी रेनबो ब्रिजवरून पायी नेते, बस नको. दुपारनंतर सूर्य पाठीशी येतो आणि अमेरिकन फॉल्ससमोर इंद्रधनुष्य पलीकडूनच दिसतं.

---

प्रेषक: बफेलोचे काका

सकाळी अलीकडून दिसतं, मनोऱ्यावरून, ऊन असलं तर. नऊ आजी-आजोबांना आणि त्या चौघांना रविवारी सकाळी मी घेऊन जातो. दुपारी तुमची मंडळी पुलावर असतील तेव्हा आम्ही टेरापिनला.

---

प्रेषक: २०१९ च्या सहलीचा प्रमुख

पुलावर जाणाऱ्यांचे पासपोर्ट मी शनिवारी रात्रीच स्वतः तपासणार. एका पालकाबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी दुसऱ्याच्या सहीचं पत्र आणा. पिशवीत फळं नकोत.

---

प्रेषक: भोजन विभाग

फळांवरून आठवलं. मुक्काम अलीकडेच असेल तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळांबा घरूनच नेता येईल. बुफे नको, मागच्या वेळी निम्म्या ज्येष्ठांनी नुसता भात खाल्ला. दशम्या कोण करणार? मला १५० लागतील. माझ्याकडून ४०.

---

प्रेषक: पार्सिपनीची ताई

आई ३० करते म्हणाली. दुधातल्या, तीन दिवस टिकतात.

टेरापिनपर्यंत तिला चालवणार नाही. कोणाकडे घडीची व्हीलचेअर आहे का?

---

प्रेषक: हॉटेलवाल्या वहिनी

आमच्या गॅरेजमध्ये सासऱ्यांची आहे. चाकात हवा भरून ठेवते.