प्रति: डिक्शनरी, मॉड्यूल, क्लास एकसारखेच वाटतात, मग तीन कशाला?

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांचा साठा), मॉड्यूल (कोडची फाइल) आणि क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा) या तिन्हींकडे नाव दिलं की किंमत मिळते, मग वेगळे प्रकार कशाला, हा वरचा प्रश्न रास्त आहे. आणि साम्य वरवरचं नाहीच. मॉड्यूलमधली नावं पायथॉन खरोखरच एका डिक्शनरीत ठेवतो. 'व्हार्स' (vars) फंक्शनला मॉड्यूल देऊन बघा, तीच डिक्शनरी हातात येते.

खरा फरक 'किती प्रती' यात आहे. मॉड्यूल दहा फाइलींनी इम्पोर्ट केलं, म्हणजे वापरायला आत घेतलं, तरी एरवी त्यातला कोड एकदाच चालतो आणि सगळे तेच वापरतात. समजा 'खेळ' मॉड्यूलमध्ये 'गुण = 0' आहे. (पायथॉन 3 मध्ये अशी देवनागरी नावं चालतात!) एका फाइलीने 'खेळ.गुण = 5' केलं की दुसरीलाही 'खेळ.गुण' 5 च दिसणार. दोन खेळाडूंचे गुण वेगळे ठेवायचे तर इथे अडतं. क्लासमधून हवे तितके ऑब्जेक्ट (त्या साच्याच्या स्वतंत्र प्रती) काढा, ज्याचे गुण त्याच्यापाशी.

फक्त एक सांभाळा. रिकामी लिस्ट (यादी) 'इनिट'मध्ये (__init__, ऑब्जेक्ट बनताना चालणारं फंक्शन) 'सेल्फ'ला (self, म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) न जोडता थेट क्लासखाली लिहिली, तर ती सगळ्या ऑब्जेक्टमध्ये सामाईक राहते. एका खेळाडूच्या लिस्टमध्ये अपेंड केलेली (शेवटी जोडलेली) चाल दुसऱ्यातही दिसते. माझी एक अख्खी संध्याकाळ ही चूक शोधण्यात गेली होती, म्हणून मुद्दाम सांगतोय.

किल्ल्या (डिक्शनरीतली नावं) आधी माहीतच नसतील, उदाहरणार्थ परिच्छेदात कुठला शब्द किती वेळा आला हे मोजायचं असेल, तर सरळ डिक्शनरी घ्या. तेवढ्यासाठी क्लास लिहू नका.