मदत हवी आहे: राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीची मतं कशी मोजतात? (संदर्भ १९६९)

नमस्कार मंडळी,

महाड तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात चिंतामणराव देशमुखांवर भित्तिपत्रक करायचं चाललंय. माणूस इथलाच, रायगडाजवळच्या नाते गावात जन्मलेला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदावर पाणी सोडणारे, एवढं इथे बहुतेकांना माहीत असतं. १९६९ साली ते राष्ट्रपतिपदासाठी उभे होते, हे मात्र अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांनी ऐकलेलंही नाही. तो भाग आकड्यांसकट नीट मांडावा अशी माझी फार इच्छा आहे, आणि नेमकी तिथेच अडलेय.

झाकीर हुसेन यांचं मे १९६९ मध्ये पदावर असतानाच निधन झालं आणि ऑगस्टमध्ये निवडणूक झाली. मत देणारे खासदार-आमदारच, पण प्रत्येकाच्या मताला ठरलेलं मूल्य असतं आणि खालचे आकडे त्या मूल्यांच्या बेरजेचे आहेत. पहिल्या पसंतीची मतं अशी: व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. बाकीच्यांना किरकोळ. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. शेवटचा हिशेब गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

आता वजाबाकी करून बघा. गिरींच्या पदरात नंतर साडेअठरा हजार मतं पडली आणि रेड्डींच्या जवळजवळ ब्याण्णव हजार. दुसरी पसंती इतकी भरभरून रेड्डींना मिळाली, तरी निवडून गिरी कसे आले? शिवाय शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज मूळ मतांपेक्षा दहा हजारांहून जास्त कमी भरते. ती मतं गेली कुठे? आणि राज्यसभेला जादा मतं कमी मूल्याने पुढे सरकतात तसं इथेही होतं का?

महाराष्ट्रातल्या आमदाराच्या एका मताचं मूल्य १७५ असतं, हेही तक्त्यात घालणार आहे. ज्यांना हा विषय पक्का ठाऊक आहे त्यांनी कृपया सांगा. सोप्या शब्दांत सांगितलंत तर तसंच्या तसं भिंतीवर लावता येईल.

प्रतिसाद १

ताई, विषय फार चांगला घेतलात. तुमची वजाबाकी बरोबर आहे, उत्तरही तिच्यातच आहे.

या निवडणुकीत निम्म्याच्या वर कोण गेलं एवढंच बघतात. वैध मतं ८,३६,३३७ होती, त्यांच्या निम्म्यात (अपूर्णांक सोडून) एक मिळवला की तुमचा ४,१८,१६९ हा कोटा येतो. पहिल्या फेरीनंतर गिरींना १६,६५४ मतं कमी पडत होती आणि रेड्डींना १,०४,६२१. देशमुखांची जवळजवळ सगळी मतं एकगठ्ठा वळली असती तरच रेड्डी पोचले असते. देशमुखांना ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष आणि जनसंघ यांचा पाठिंबा होता आणि त्या गोटाची दुसरी पसंती रेड्डींकडे झुकलेली होती, म्हणून मोठा वाटा तिकडे गेला. पण गिरींना हवं होतं ते थोडंच, आणि तेवढं मिळालं.

मोजतात कसं ते सांगतो. मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसतं, शिक्काही मारायचा नसतो. नावांपुढे १, २, ३ असे आकडे घालायचे. १ घालावाच लागतो, नाहीतर मत बाद. पुढचे आकडे घालायचे की नाही ही मतदाराची मर्जी. कोणीच कोटा गाठला नाही तर सर्वात कमी मतांचा उमेदवार स्पर्धेतून काढतात, त्याच्या गठ्ठ्यातली एकेक पत्रिका बघतात आणि पुढची पसंती ज्याला असेल त्याच्या गठ्ठ्यात टाकतात. तो आधीच बाहेर पडला असेल तर त्याच्या पुढची. ज्या पत्रिकेवर पुढे काहीच लिहिलेलं नाही ती तिथेच थांबते. तुमची हरवलेली १०,८३३ मतं ती हीच. कोटा मात्र पहिल्या मोजणीवर ठरलेला असतो, तो खाली येत नाही.

राज्यसभेला जागा अनेक असतात, म्हणून जिंकलेल्याची जादा मतं पुढे द्यावी लागतात. इथे जागा एकच, तेव्हा जादाचा प्रश्नच नाही. पत्रिका जाते ती पूर्ण मूल्यासह जाते.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. पण १७५ हा आकडा १९६९ च्या तक्त्यात घालू नका. तो आला १९७१ च्या जनगणनेवरून: महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ भागिले २८८ आमदार, आणि पुन्हा भागिले १०००. उत्तर १७५.०४, म्हणून १७५. गोव्याचं याच रीतीने १९.८८ येतं, उरलेला भाग अर्ध्याहून मोठा असल्यामुळे २० धरतात. उत्तर प्रदेशाचं २०८, सिक्कीमचं ७. पुढे घटनादुरुस्ती करून १९७१ चीच लोकसंख्या गोठवून ठेवली, कारण कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये. मला स्वतःला हे योग्य वाटतं. १९६९ मध्ये मात्र १९६१ ची जनगणना लागू होती, त्यामुळे मूल्यं वेगळी होती.

खासदाराचं मूल्य आमदारांच्या एकूण मूल्यावरून निघतं. २०२२ मध्ये आमदारांची ५,४३,२३१ भागिले ७७६ निवडून आलेले खासदार, म्हणजे ७००. २०१७ ला ते ७०८ होतं. जम्मू-काश्मीरला २०२२ मध्ये विधानसभाच नव्हती, म्हणून आठाने उतरलं. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आता मुलांना समोर बसवून समजावता येईल. दोन शंका राहिल्या. विधान परिषदेचे आमदार मत देतात का? आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे अमुक असंच मत द्या हा आदेश, चालतो का? काँग्रेसचे अधिकृत उमेदवार रेड्डी असताना काँग्रेसवाल्यांनी गिरींना मतं दिली ती कशी, हे मुलं विचारणारच.

प्रतिसाद १

परिषदेचे आमदार नाहीत, नियुक्त खासदारही नाहीत. फक्त लोकसभा, राज्यसभा आणि विधानसभांतले निवडून आलेले. विधानसभेत दिल्ली आणि पुदुच्चेरीही धरा, पण त्यांना हा हक्क १९९२ च्या घटनादुरुस्तीने मिळाला, तुमच्या १९६९ च्या गोष्टीत ते नाहीत.

व्हिप चालत नाही, मतदान गुप्त असतं. इंदिरा गांधींनी तेव्हा सदसद्विवेकबुद्धीने मत द्या असं आवाहन केलं होतं. त्याच वर्षी पुढे काँग्रेस फुटली. जवळचं उदाहरण हवं तर २००७ घ्या: शिवसेना भाजपच्या आघाडीत होती, तरी तिने भैरोंसिंह शेखावतांना सोडून प्रतिभाताई पाटलांना मतं दिली.

तक्ता करताना देशमुखांचा गठ्ठा तीन बाणांनी दाखवा: एक रेड्डींकडे, एक गिरींकडे, एक कुठेच न जाणारा. बाणांवर आकडे घालू नका. तुमच्या वजाबाकीत आधी बाहेर पडलेल्या छोट्या उमेदवारांची मतंही मिसळलेली आहेत.