दहावीनंतर इलेक्ट्रिशियन ट्रेड: पोटापुरता धंदा की करिअर?

सातपूरकर (धागाकर्ता)

दहावीला 74 टक्के मिळवलेल्या भाच्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियन घेणार म्हणून जाहीर केलं आणि घरात वादावादी सुरू झाली. "एवढे मार्क असून आयटीआय?" हा सगळ्यांचा एकच सवाल. मला मात्र पोराचं पटतं.

ट्रेड 2 वर्षांचा. सरकारी आयटीआयची फी परवडणारी. पुढे अ‍ॅप्रेंटिसशिप, आणि 2019 च्या नियमांनुसार आयटीआय झालेल्याला महिना किमान 7,000 रुपये विद्यावेतन. तोवर इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराचं कर्ज वाढत असतं, आणि शेवटी साडेतीन लाखांच्या पॅकेजसाठी रांग.

कामाला तर तोटा नाही. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या सोलरला 78,000 रुपये अनुदान आहे. आमच्या भागात ज्याच्या त्याच्या गच्चीवर पॅनल चढतायत. ते बसवणार कोण, अर्थिंग कोण करणार? शिवाय गाड्यांचे चार्जर, इन्व्हर्टर, एसी. हाताला काम असलेला माणूस उपाशी राहत नाही, असं माझं ठाम मत. तुमचं काय?

भोसरीवाला

उपाशी राहत नाही, हे कबूल. पण करिअर म्हणताय म्हणून लिहितो. मी याच ट्रेडचा. कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनलच्या वायरिंगला आहे, कंत्राटी. बारा तासांची शिफ्ट. ओव्हरटाइम धरला तरच घर चालतं. कंत्राटदार बदलला की सर्व्हिस पुन्हा शून्यापासून. पंधरा वर्षं काम केलेला आणि काल आलेला, दोघांच्या पगारात फरक किती? सांगायला लाज वाटते इतका कमी.

सरकारी नोकरी म्हणाल तर महावितरणची 2023 ची विद्युत सहाय्यक भरती बघा. जागा 5,347. कंत्राटाची 3 वर्षं, मानधन महिना 15,000, मग 16,000, मग 17,000. त्यानंतर कायम. त्या तीन वर्षांत पावसाळ्यात खांबावर चढायचं आहे, हे तुमच्या भाच्याला कोणी सांगितलंय का?

कोथरूडची गृहिणी

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. आमच्याकडे आरसीसीबी सारखी पडायची. पहिला माणूस आला, त्याने ती सरळ बायपास केली, "आता नाही पडणार ताई" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. घरात दोन लहान मुलं आणि शॉक लागला तर वीज तोडणारी वस्तूच काढून टाकलेली!

दुसऱ्याने एकेक सर्किट सुटं करून मीटर लावून बघितलं. हॉलचा न्यूट्रल कोणीतरी बेडरूमच्या न्यूट्रलला जोडून ठेवला होता, तो आरसीसीबीला चुकवून परत जात होता. शोधायला अर्धा दिवस गेला, दुरुस्तीला दहा मिनिटं. त्याने सांगितले तेवढे पैसे दिले. शेजारचे काका मात्र म्हणाले, "दोन तारा हलवायचे एवढे?" याच विचाराने चांगली माणसं या धंद्यातून जातात, असं मला वाटतं.

परवानाधारक

ताईंचं म्हणणं अगदी मुद्द्याचं आहे. मी ठेकेदार आहे, सातारा भागात.

आयटीआयचं प्रमाणपत्र वेगळं आणि परवाना वेगळा, ही गोष्ट पोरांना कोणी धड सांगत नाही. आधी तारतंत्री (वायरमन), पुढे अनुभव आणि परीक्षा यांवर पर्यवेक्षक, मग ठेकेदार. कायद्याने दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर वायरिंग परवानाधारक ठेकेदारामार्फतच करून घ्यायची असते. नव्या कनेक्शनला टेस्ट रिपोर्टवर त्याचीच सही लागते.

आणि इथेच धंद्याची माती होते. साइट न बघता, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) न लावता सही विकणारे आहेत. दहा मिनिटांत कागद मिळतो म्हटल्यावर इन्सुलेशन आणि अर्थिंग मोजून रिपोर्ट देणाऱ्याचा दर कोणाला पटणार? सहीची विक्री थांबली तर भोसरीवाल्यांसारख्यांच्या अनुभवाला भाव येईल. नुसत्या सोलरच्या लाटेने येणार नाही.

उंबरठा

परदेशाचं कोणी बोललंच नाही. महाराष्ट्राने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय. आखाताची वाट तर जुनीच आहे.

भोसरीवाला

@उंबरठा, जर्मनीला आधी भाषा शिका, मग आपलं प्रमाणपत्र तिथे किती धरतात ते तपासून घ्या. तोपर्यंत घर कोण चालवणार? आखातात आमच्या गावची पोरं आहेत. पैसा पाठवतात, घरं बांधली. पण एजंटला दिलेले पैसे फिटेपर्यंत गुलामीच असते.

@परवानाधारक, परवान्याचं पटलं. तरी विचारतो, कारखान्यात मला परवान्यासाठी जादा पगार कोण देतं? आमचा कंत्राटदार हजेरी मोजतो, परवाना नाही.

सातपूरकर (धागाकर्ता)

भोसरीवाले, तुमचा राग समजतो, पण तो कंत्राटी पद्धतीवरचा आहे. आयटी कंपनीत आणि बँकेतही आता तेच चाललंय. म्हणून इलेक्ट्रिशियन होऊच नये, हे मला मान्य नाही. भाच्याला कारखान्यात चिकटायचंच नाहीये. परवाना घेऊन स्वतःची कामं घेईल.

भोसरीवाला

स्वतःची कामं घ्यायला भांडवल आणि ओळखी लागतात. बिल्डर सहा-सहा महिने पैसे अडकवतो. माझ्या दोन मित्रांनी बायकोचे दागिने ठेवून वायर आणली होती. शिकवा पोराला, मी नाही म्हणत नाही. पण इंजिनिअरपेक्षा जास्त कमावशील असं त्याला सांगू नका.

परवानाधारक

बिल्डरचं खरं आहे. मी म्हणूनच घरगुती आणि शेतीपंपाची कामं धरली. छोटी असतात, पण पैसे हातात पडतात.

सातपूरकर, प्रवेश झाला की भाच्याला सुट्टीत माझ्याकडे पाठवा. मेगर आणि अर्थ टेस्टर कसा लावायचा ते शिकवतो. रोजही देईन, फुकट राबवणार नाही.

भोसरीवाला

रोज देणार हे लिहिलंत, बरं केलंत. माझी पहिली दोन वर्षं नाश्त्यावर हेल्परकीत गेली.