झोतभट्टीचा धडा समीकरणांपासून सुरू करणं चूक आहे

धातुवेडा:
धातुकातून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीची आकृती, वरून धातुक, कोक (दगडी कोळशापासून केलेलं इंधन) आणि चुनखडी, खालून तापलेली हवा, शेजारी समीकरणं. धडा संपला. मग मुलांना विचारा, हेमेटाइटमधला, म्हणजे लोखंडाच्या धातुकातला, ऑक्सिजन कोणी काढून घेतला? बहुतेक जण सांगतात, कोकने. दोन दगड एकमेकांना टेकतात ते चार-दोन ठिकाणी. तेवढ्यावर टनावारी लोखंड कसं सुटेल? खरं काम वायूचं. कोक जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो लालभडक कोकमधून जाताना कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि तो धातुकाच्या छिद्राछिद्रांत शिरतो. धडा या वायूपासूनच सुरू व्हावा.

आणि एक गोष्ट जरूर सांगावी. भट्टीच्या तोंडातून बराच कार्बन मोनॉक्साइड तसाच निघून जातो. एकोणिसाव्या शतकात कारखानदारांना वाटलं, धातुकाशी त्याची गाठ पुरेसा वेळ पडत नाही. म्हणून ३० मीटर उंचीच्या भट्ट्या बांधल्या. वायूतलं प्रमाण मात्र हललं नाही. ही अभिक्रिया उलट दिशेनेही होते, म्हणून दोन्ही दिशांचा वेग सारखा झाला की ती अडते, म्हणजे समतोलापाशी, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातलिए यांनी १८८८ मध्ये दाखवून दिलं. समतोल शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

खडूफळा:
अजिबात पटलं नाही. मी हा धडा दरवर्षी शिकवते. ज्या मुलाला हेमेटाइटमधल्या फेरिक ऑक्साइडच्या एका रेणूला कार्बन मोनॉक्साइडचे तीन रेणू का लागतात हे मांडता येत नाही, त्याच्यासाठी समतोल म्हणजे नुसता शब्द. आधी हात बसू दे. पाठांतराला नावं ठेवणं सोपं आहे, पण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं राहतं.

रसवाला:
मी भट्टीवर काम केलं आहे. धातुवेडा, ‘कोक नाही, वायूच’ हेही अर्धंच खरं. खालच्या, जास्त तापलेल्या भागात उरलेल्या आयर्न ऑक्साइडचं क्षपण, म्हणजे ऑक्सिजन काढून घेणं, थेट कार्बननेही होतं, आणि ते भरपूर उष्णता खातं. एक चूक काढताना दुसरी शिकवू नका.

माझी तक्रार वेगळीच आहे. भट्टीतून शुद्ध लोखंड निघतं असं मुलांना वाटतं. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. भट्टीतल्या रसात सुमारे ४ टक्के कार्बन विरघळलेला असतो, म्हणून तो ११५० अंशांच्या आसपासही पातळ राहतो. ते कच्चं लोखंड, ठिसूळ. त्यातला कार्बन जाळून काढला की पोलाद. हे कळलं नाही तर पुढचा पोलादाचा धडा हवेतच राहतो.

धातुवेडा:
थेट क्षपणाचं मान्य. माझं वाक्य फारच सरसकट होतं. ‘वरच्या भागात मुख्यतः वायू’ असं म्हणायला हवं होतं. पण खडूफळा, तीन रेणू का लागतात हे तरी मुलाला कशाने कळेल? ऑक्सिजनचे तीन अणू उचलायचे आहेत आणि प्रत्येक रेणू एकच उचलतो, हे डोळ्यांपुढे आलं की समीकरण तो स्वतः लिहील. हायड्रोजनने क्षपण करायचं म्हटलं तरी हाच हिशोब: तीन रेणू, तीन अणू, फक्त बाहेर पडते ती वाफ.

खडूफळा:
अणू उचलण्याचं चित्र मी वापरेन, ते चांगलं आहे. ३० मीटरच्या भट्ट्याही सांगेन. पण समतोलाच्या धड्यात, इथे नाही.