जुन्या एकांकिकांचे संगीत आणि त्यामागची हकिकत : लिहावे कसे?

प्रश्न

महाविद्यालयात असल्यापासून मी पुण्यातल्या हौशी नाट्यसंस्थांसाठी संगीत देत आलो आणि त्याच्या जोडीने कथा व गीतेही लिहीत आलो. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बसवलेल्या एकांकिका, सुदर्शन रंगमंचावरचे कवितावाचनाचे कार्यक्रम आणि छापला न गेलेला एक गीतसंग्रह, या सगळ्यांविषयी आता सलग लिहायला घेतले आहे. हाताशी तालमींच्या कॅसेट आणि गाण्यांच्या वह्या आहेत. एका पानावर पेन्सिलीने लिहिले आहे : 'काळी दोन, दादरा. दुसऱ्या अंतऱ्याला तबला नको, पेटीचा सा धरून ठेवणे.' (काळी दोन ही पेटीवरची पट्टी, दादरा हा सहा मात्रांचा ताल.) गाणाऱ्या मुलीचा आवाज नाजूक होता आणि भरत नाट्य मंदिराच्या मागच्या रांगांत तबल्याखाली तिचे शब्द हरवत होते, म्हणून तसे ठरले होते.

या चाली आज नव्याने ध्वनिमुद्रित करून त्या रूपाविषयी लिहावे, की जशा होत्या तशाच वाचकांपुढे ठेवाव्यात? कॅसेट टिकवण्यासाठी काय करावे, हेही कृपया सांगावे. काही चाली इतर कवींच्या कवितांना लावलेल्या आहेत.

प्रतिसाद १

जशा होत्या तशाच ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. नवे ध्वनिमुद्रण जरूर करावे, पण ती आजची कलाकृती होईल आणि तिची ओळखही तशीच करून द्यावी.

आपण वहीतली जी नोंद दिली आहे, तीच या लेखनाचा गाभा ठरावी असे मला वाटते. कॅसेटमध्ये वाजले ते ऐकू येते. जे मुद्दाम वाजवले नाही, त्याचा मागमूस तिच्यात राहत नाही, आणि ते का गाळले हे संगीतकाराने स्वतः लिहून ठेवले नाही तर पुढच्या माणसाला कधीही कळणार नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३७ सालच्या 'कुंकू' या चित्रपटामध्ये नेहमीच्या पार्श्वसंगीताऐवजी प्रसंगातलेच नैसर्गिक आवाज वापरले गेले. तिथेही संगीत न वापरणे हाच संगीताविषयीचा निर्णय होता. त्या चित्रपटाचे संगीतकार केशवराव भोळे हे लेखकही होते, आणि 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' हे त्यांचे १९६४ सालचे पुस्तक आपण हाती घ्यावे, असा आग्रह करतो. स्वतःच्या कामाकडे मागे वळून पाहताना केवळ आठवणी न सांगता रचनेविषयी बोलावे, ही दिशा त्याच्या नावातच आहे.

आणखी एक विनंती. हौशी नाटकाच्या जाहिरातीत 'संगीत' या शब्दापुढे एकच नाव असते, पण ठेका बदलण्याची सूचना पुष्कळदा तबलजीची असते आणि पट्टी गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरते. लिहिण्यापूर्वी त्या सहकाऱ्यांना कॅसेट ऐकवाव्यात आणि त्यांची आठवण वेगळी निघाली तर तीही त्यांच्या नावानिशी नोंदवावी.

प्रतिसाद २

मी कॅसेटपुरते लिहितो. त्या लावण्यापूर्वी आतली फेल्टची बारीक गादी जागेवर आहे का, हे पाहावे. तिचा गोंद वाळून ती गळून पडते आणि मग फीत हेडला, म्हणजे टेपरेकॉर्डरमधल्या आवाज वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही, त्यामुळे आवाज दबलेला येतो. अशा वेळी फीत स्क्रूच्या चांगल्या कॅसेटच्या कवचात हलवावी. हेडजवळचा एक लहान स्क्रू फिरवून कोन जुळवता येतो. झांज किंवा 'स', 'श' ही अक्षरे सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबावे. मूळ प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर वेव्ह स्वरूपात ठेवावी, आणि खरखर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवरच करावेत.

वहीतल्या पट्ट्या इथे फार उपयोगी पडतील. तालमीत ध्वनिमुद्रण करताना टेपरेकॉर्डर जरा हळू चालला असेल तर काळी दोनमधले गाणे आज अर्धा स्वर वर, पांढरी तीनमध्ये ऐकू येईल. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो, आणि तसा फरक आढळल्यास वहीतल्या नोंदीवरून तो दुरुस्त करता येतो.

प्रतिसाद ३

कवितांविषयी थोडेसे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. कवीच्या हयातीत प्रकाशित झालेल्या कवितेवरचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो, त्यामुळे चाल आपली असली तरी शब्दांसह गाणे प्रसिद्ध करण्यापूर्वी कवीची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्यावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक चालीची स्वरलिपी भातखंडे पद्धतीने देऊन तिच्याखाली त्या वेळचे निर्णय आणि त्यांची कारणे लिहायची, असे ठरवले आहे. ज्या कवितांची परवानगी मिळणार नाही, त्यांच्या चाली शब्दांविना, केवळ स्वरांत देईन. दादऱ्याच्या त्या गाण्यावर तबला वाजवणारा मित्र कोथरूडलाच राहतो. या आठवड्यात कॅसेट घेऊन त्याच्याकडे जाणार आहे.